‘हार्मोन बॅलन्स’ची डबी वाचायची कशी? घटकांचा आणि मात्रांचा हिशेब

यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवात आमच्याकडे एका घरी वाण म्हणून चक्क गोळ्यांची छोटी पाकिटे मिळाली. गुलाबी पाकीट, त्यावर कमळ, खाली ‘स्त्रियांच्या हार्मोन संतुलनासाठी’. देणारीने प्रेमानेच दिले होते. पण पुढच्या आठवडाभरात मला सात-आठ जणींचे फोन आले, कारण मी बडोद्यात औषध कारखान्याच्या गुणवत्ता तपासणी प्रयोगशाळेत नोकरी केली हे मंडळात सगळ्यांना ठाऊक आहे. प्रश्न एकच: “ताई, घ्यायच्या का हो?” प्रत्येकीला फोनवर वेगळे उत्तर देण्यापेक्षा डबी कशी वाचायची ते एकदा लिहून ठेवावे, म्हणून हा लेख. मी डॉक्टर नाही. कोणी काय घ्यावे हे मी सांगणार नाही. छापलेल्या आकड्यांचा अर्थ काय, एवढेच सांगेन.

आधी ‘बॅलन्स’ या शब्दाबद्दल. पाळी चालू असलेल्या स्त्रीच्या शरीरात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन महिनाभर सारखे बदलत असतात. बीजांड बाहेर पडण्याआधी इस्ट्रोजेन चढते, नंतर प्रोजेस्टेरॉन चढते, पाळी येण्याआधी दोन्ही उतरतात. म्हणजे संतुलन ही काही तराजूची एक ठरलेली स्थिती नाही आणि ते मोजण्याची एकच एक चाचणीही नाही. पीसीओएस, थायरॉइड, पाळीपूर्वीचा त्रास, रजोनिवृत्ती, गर्भाशयातल्या गाठी ही पाच निरनिराळी दुखणी आहेत. त्या सगळ्यांना एकच गोळी लागू पडते असे पाकीट म्हणत असेल, तर ते मोघम बोलते आहे असे समजावे.

परवाना कसला आहे ते पाहा

पाकिटावर एफएसएसएआयचे चिन्ह आणि चौदा आकडी क्रमांक असेल, तर ते कायद्याच्या दृष्टीने खाद्य आहे, औषध नाही. त्यावर ‘औषधी उपयोगासाठी नाही’ अशा अर्थाची ओळ छापावी लागते. बहुधा ती सर्वांत बारीक अक्षरात असते. तो क्रमांक म्हणजे बनवणाऱ्याला खाद्यपदार्थ बनवण्याचा परवाना आहे, इतकेच. गुण येतो याचा तो दाखला नव्हे. आयुर्वेदिक औषध असेल तर एफएसएसएआयऐवजी राज्याच्या औषध परवान्याचा क्रमांक असतो. इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. २००८ साली अमेरिकेत ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या पाहणीत, इंटरनेटवरून विकत घेतलेल्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांपैकी सुमारे पाचव्या भागात शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले होते. भस्मे आणि रसौषधी असलेल्यांत हे प्रमाण जास्त होते. म्हणून आयुर्वेदिक घ्यायचेच असेल तर वैद्यांना विचारून, पक्क्या बिलावर आणि बॅच क्रमांक बघून घ्यावे.

एक डबी उलटी करून पाहू

बाजारातल्या चार-पाच डब्यांवरून बेतलेला हा नमुना आहे, कुठल्या एका कंपनीचा नव्हे. रोज २ गोळ्या. त्या २ गोळ्यांत: मायो-इनोसिटॉल ११०० मि.ग्रॅ., डी-कायरो-इनोसिटॉल ३०० मि.ग्रॅ., मॅग्नेशियम ग्लायसिनेट १०० मि.ग्रॅ., फेरस फ्युमरेट ३० मि.ग्रॅ., व्हिटॅमिन डी ६०० आय.यू., बी-६ २ मि.ग्रॅ., बायोटिन ५ मि.ग्रॅ., शतावरी अर्क ५० मि.ग्रॅ., अश्वगंधा अर्क ५० मि.ग्रॅ., व्हायटेक्स १० मि.ग्रॅ. यादी भरगच्च दिसते. आता एकेक उचलून पाहू.

सुरुवात इनोसिटॉलपासून, कारण पीसीओएसच्या मुलींना हल्ली सर्रास हेच सुचवले जाते. इनोसिटॉल हा साखरेच्या कुळातला पदार्थ. डाळी, कडधान्ये, संत्री-मोसंबी यांतून तो पोटात जातो आणि शरीर स्वतःही बनवते. इन्शुलिनचा निरोप पेशीच्या आत पोहोचवण्यात त्याचा हात असतो. पीसीओएसमध्ये पुष्कळदा इन्शुलिन नीट लागू पडत नाही, म्हणून हा उपाय पुढे आला. बहुतेक अभ्यासांत दिवसाला ४ ग्रॅम मायो-इनोसिटॉल, दोन वेळांत विभागून, दिले गेले. सोबत डी-कायरो दिले तर ४० ला १ या प्रमाणात. म्हणजे सकाळी २ ग्रॅम अधिक ५० मि.ग्रॅ. आणि संध्याकाळी तेवढेच.

आपल्या नमुन्यात मायो ११०० मि.ग्रॅ. आहे, म्हणजे अभ्यासातल्या मात्रेच्या चौथ्या भागाहून थोडे जास्त. प्रमाण ४० ला १ नसून साधारण पावणेचारास १ आहे. कोणी म्हणेल, मग गोळ्या वाढवू. ४ ग्रॅम गाठायला रोज सात ते आठ गोळ्या लागतील, आणि त्याबरोबर डी-कायरो जवळजवळ ११०० मि.ग्रॅ. पोटात जाईल; हवे होते १००. डी-कायरोचे प्रमाण वाढले की अंडाशयात पुरुष-हार्मोनचे इस्ट्रोजेन बनवणाऱ्या यंत्रणेला ते आडकाठी करते असे संशोधन सांगते. म्हणजे ज्या त्रासासाठी गोळी घ्यायची, त्याच्याच उलट दिशेने जाण्याचा धोका. मात्रा कमी आहे तर गोळ्या वाढवाव्यात हा आपला घरगुती हिशेब इथे उपयोगी पडत नाही. डॉक्टरांनी इनोसिटॉल लिहून दिलेच, तर पुडीत मिळणारे साधे २ ग्रॅमचे चूर्ण जास्त सरळ पडते. त्यात भारंभार इतर घटक नसतात.

आणि गुण? ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठाच्या पुढाकाराने २०२३ साली पीसीओएसची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे निघाली. त्यांचे म्हणणे साधारण असे: इनोसिटॉलने फारसा अपाय होत नाही, कोणाला घ्यायचे असेल तर विचार करता येईल, पण पाळी, केस, वजन यांवर फायदा होतो याचा पुरावा तोकडा आहे. अंगावरच्या नको असलेल्या केसांसाठी आणि पोटाच्या घेरासाठी मेटफॉर्मिनला त्यांनी वरचे स्थान दिले आहे. जिची मेटफॉर्मिन बरीच वर्षे चालू आहे तिने मात्र अधूनमधून बी-१२ तपासून घ्यावे. ते औषध बी-१२ कमी करते, आणि आपल्यात शाकाहारी पुष्कळ.

क्षाराचे वजन आणि धातूचे वजन

प्रयोगशाळेत नव्याने आलेल्या मुलांना मी पहिल्या दिवशी हेच शिकवत असे. गोळीत धातू एकटा नसतो. तो कुठल्यातरी आम्लाशी जोडलेला, म्हणजे क्षाराच्या रूपात असतो. पाकिटावर क्षाराचे वजन छापले की आकडा मोठा दिसतो.

मॅग्नेशियम ग्लायसिनेटमध्ये प्रत्यक्ष मॅग्नेशियम साधारण १४ टक्के असते. आपल्या नमुन्यातल्या १०० मि.ग्रॅ.मध्ये मॅग्नेशियम फक्त १४ मि.ग्रॅ. मूठभर भोपळ्याच्या बियांत याच्या कितीतरी पट मिळते. मॅग्नेशियम ऑक्साइडमध्ये धातू ६० टक्के असतो, पण ते अंगी कमी लागते आणि पोट ढिले करते. कॅल्शियम कार्बोनेट १२५० मि.ग्रॅ. म्हणजे प्रत्यक्ष कॅल्शियम ५०० मि.ग्रॅ.; तेच कॅल्शियम सायट्रेट असेल तर जेमतेम २६०. चांगला उत्पादक ‘इतके कॅल्शियम मिळण्याइतके कॅल्शियम कार्बोनेट’ असे स्पष्ट लिहितो. लिहिले नसेल तर त्याच्या मदतक्रमांकावर फोन करून विचारावे. मी विचारते. अर्ध्या वेळा समोरच्या मुलाला प्रश्नच कळत नाही.

लोहाची गोष्ट अधिक महत्त्वाची. फेरस फ्युमरेटमध्ये एक तृतीयांश लोह असते, म्हणजे ३० मि.ग्रॅ.मध्ये १० मि.ग्रॅ. आयसीएमआरच्या हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये ठरवलेल्या शिफारशीप्रमाणे पाळी चालू असलेल्या स्त्रीला आहारातून दिवसाला २९ मि.ग्रॅ. लोह मिळायला हवे. जिचे हिमोग्लोबिन मुळातच खाली गेले आहे तिचे या १० मि.ग्रॅ.ने काही भागत नाही. सरकारी आरोग्य केंद्रात मिळणारी साधी लाल गोळी पाहा: ६० मि.ग्रॅ. प्रत्यक्ष लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड, ‘अ‍ॅनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमात मोफत. गुलाबी पाकिटापेक्षा तिची माहिती जास्त चोख असते.

लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नये, कॅल्शियमबरोबर तर नाहीच. आणि ज्या सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची गोळी घेतात (आपल्या मंडळात अशा किती आहेत ते सहलीच्या बसमध्ये कळते), त्यांनी लोह किंवा कॅल्शियम असलेले काहीही त्या गोळीपासून चार तास लांब ठेवावे. नाहीतर थायरॉइडची गोळी अंगी लागत नाही, टीएसएच वाढलेले दिसते आणि डॉक्टर बिचारे डोस वाढवत बसतात.

जीवनसत्त्वे: कमी पडण्यापेक्षा साचण्याची काळजी

नमुन्यातले ६०० आय.यू. व्हिटॅमिन डी हे रोजच्या शिफारशीइतके आहे. १५ मायक्रोग्रॅम म्हणजे तेवढेच, कारण १ मायक्रोग्रॅम बरोबर ४० आय.यू. घोटाळा होतो तो ६०,००० आय.यू.च्या पुड्यांमुळे. ती आठवड्याला एक, काही ठरावीक आठवडे, डॉक्टरांनी सांगितल्यावर घ्यायची मात्रा आहे. रोज घेतली तर रक्तात कॅल्शियम चढते. उलट्या, सारखी तहान, मग मूत्रपिंडावर परिणाम. शिवाय कॅल्शियमच्या गोळीतही डी असते, या डबीतही असते, गमीतही असते. बेरीज करायला हवी.

बी-६ची गोष्ट तशीच. पाळीपूर्वीच्या चिडचिडीसाठी ते दिले जाते. पुरावा धड भक्कम नाही, धड टाकाऊ नाही. आपल्या नमुन्यात ते २ मि.ग्रॅ. म्हणजे रोजच्या गरजेइतकेच आहे. पण मुली-सुना अमेरिकेहून येताना ज्या मोठ्या बाटल्या आणतात त्यांत मी ५० आणि १०० मि.ग्रॅ. पाहिले आहे. बी-६ पाण्यात विरघळते, जास्तीचे निघून जाते, अशी आपली समजूत असते. दीर्घकाळ मोठी मात्रा घेतल्यास हातापायांच्या नसा बिघडतात. मुंग्या, बधिरपणा येतो. अमेरिकेत प्रौढांसाठी कमाल मर्यादा १०० मि.ग्रॅ. आहे, तर युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२३ मध्ये ती १२ मि.ग्रॅ.वर आणली. गंमत अशी की पायाला मुंग्या आल्या म्हणून जी ‘नसांची गोळी’ आपण रावपुऱ्यातल्या मेडिकलमधून मागून आणतो, तिच्यातही बहुतेक वेळा बी-६ असतेच.

बायोटिन. केसांसाठी म्हणून ते आताशा सगळ्यात घालतात. दिवसाची गरज ३० ते ४० मायक्रोग्रॅम, नमुन्यात ५ मि.ग्रॅ., म्हणजे गरजेच्या शंभरपटीहून जास्त. ते विषारी नाही. पण रक्ततपासणीच्या काही पद्धतींत बायोटिनचाच वापर होतो, त्यामुळे रक्तात ते जास्त असले की निकाल चुकतात. टीएसएच खोटेच कमी आणि थायरॉइड हार्मोन खोटेच जास्त येऊ शकते; म्हणजे कागदावर थायरॉइड वाढलेले दिसते आणि प्रत्यक्षात नसते. हृदयविकाराच्या झटक्यात जी ट्रोपोनिन चाचणी करतात ती खोटीच कमी येऊ शकते, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्ये दिला. हार्मोनसाठी गोळी घ्यायची आणि तीच हार्मोनची चाचणी बिघडवणार! रक्त द्यायला जाण्याआधी निदान दोन दिवस बायोटिन बंद ठेवावे. मात्रा मोठी असेल तर किती दिवस, ते प्रयोगशाळेला विचारावे.

वनस्पती: नाव छापणे वेगळे, मात्रा भरणे वेगळे

शतावरी आणि अश्वगंधा ही नावे आपल्या आज्यांच्या तोंडची, म्हणून विश्वास चटकन बसतो. पण आजी शतावरी कल्प दुधात चमचाभर घालत असे, ५० मि.ग्रॅ. नव्हे. अश्वगंधेच्या मुळाच्या चूर्णाची ग्रंथोक्त मात्रा दिवसाला ३ ते ६ ग्रॅम. अर्क असेल तर तो किती पट घट्ट केला आहे ते छापलेले हवे: ‘१० ला १’ म्हणजे १० ग्रॅम मुळापासून १ ग्रॅम अर्क. तेव्हा ५० मि.ग्रॅ. अर्क फार तर अर्धा ग्रॅम मुळाइतका. अलीकडच्या अभ्यासांत अश्वगंधेचा अर्क साधारण दिवसाला ६०० मि.ग्रॅ. वापरला गेला, तोही ताण आणि झोप यांसाठी. शतावरीवर माणसांत झालेले अभ्यास थोडे आणि लहान आहेत.

मात्रा कमी म्हणजे निर्धास्त, असेही नाही. अश्वगंधेने थायरॉइड हार्मोन वाढू शकते आणि यकृताला इजा झाल्याचे क्वचित पण नोंदलेले रुग्ण आहेत. डेन्मार्कने तर २०२३ मध्ये तिच्यावर बंदीच घातली. ती बंदी फार टोकाची, असे माझे मत. पण गरोदरपणात ती घेऊ नये यावर दुमत नाही. पीसीओएसमध्ये पाळी दोन-दोन महिने येत नाही, त्यामुळे दिवस गेलेले लवकर कळत नाहीत, हे मुलींना सांगून ठेवावे.

व्हायटेक्स ही भूमध्य समुद्राकाठची वनस्पती, आपल्या निर्गुडीच्याच कुळातली. पण निर्गुडी नव्हे. पाळीपूर्वीच्या त्रासावर तिचा एक बरा अभ्यास २००१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला: १७० स्त्रिया, तीन पाळ्या, रोज २० मि.ग्रॅ. एका विशिष्ट अर्काची गोळी. खरी गोळी घेणाऱ्यांपैकी ५२ टक्क्यांना निम्म्याहून जास्त फरक पडला, आणि रिकामी गोळी घेणाऱ्यांपैकी २४ टक्क्यांना. हा दुसरा आकडाही ध्यानात ठेवावा. “माझ्या जावेला फरक पडला” असे आपण सांगतो तेव्हा ती जाऊ त्या चोवीसांतली असू शकते. शिवाय ते आकडे त्या विशिष्ट अर्काचे आहेत. डबीवर नुसते ‘व्हायटेक्स १० मि.ग्रॅ.’ असेल तर ते चूर्ण की अर्क, हेच समजत नाही. गर्भनिरोधक गोळ्या किंवा मूल होण्यासाठीचे उपचार चालू असताना व्हायटेक्स घेऊ नये.

रजोनिवृत्तीच्या वेळच्या गरम वाफांसाठी सोया अर्क आणि ब्लॅक कोहोश विकले जाते. अमेरिकेच्या मेनोपॉज सोसायटीने २०२३ मध्ये या दोन्हींची शिफारस केलेली नाही. जेवणातला सोयाबीन वेगळा, तो खुशाल खावा. स्तनाचा कर्करोग झालेल्या किंवा टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या भगिनींनी मात्र असे अर्क आपल्या कर्करोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. छातीच्या दुखण्यासाठी दिले जाणारे इव्हनिंग प्रिमरोझ तेल आपल्याकडे अजून भरपूर खपते; ब्रिटनमध्ये गुण सिद्ध होत नाही म्हणून त्याचा औषध परवाना २००२ मध्येच काढून घेतला गेला.

गोळीआधी तपासणी

आता घरातली गोष्ट. माझ्या थोरल्या नणंदेला पंचेचाळिशीत अंगावरून फार जाऊ लागले. “या वयात हार्मोन बिघडतातच” असे म्हणून तिने आठ महिने असलीच एक डबी घेतली. मीही तेव्हा डबीची मागची बाजू पाहिली आणि ‘यात अपायकारक काही नाही’ असे तिला म्हणाले. ते खरेच होते. पण चढताना दम लागू लागला तेव्हा हिमोग्लोबिन ६.४ निघाले, सोनोग्राफीत गर्भाशयात मोठी गाठ दिसली आणि रक्ताच्या दोन बाटल्या चढवाव्या लागल्या. डबीतल्या घटकांनी तिला काहीच केले नाही; आठ महिने मात्र गेले. मी पाहायची ती बाजू पाहिली होती, विचारायचा तो प्रश्न विचारला नव्हता: तू डॉक्टरांना दाखवलंस का?

पाळी अनियमित असेल तर आधी गरोदरपणाची चाचणी, टीएसएच, प्रोलॅक्टिन. गरजेप्रमाणे साखर, हिमोग्लोबिन आणि सोनोग्राफी. तासातासाला पॅड बदलावे लागत असेल, मोठ्या गाठी पडत असतील तर थांबू नये. आणि पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा नुसता डाग जरी दिसला, तरी त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावे. गर्भाशयाच्या कर्करोगाची ती पहिली खूण असू शकते, आणि लवकर सापडला तर तो बरा होतो.

डॉक्टरांकडे जाताना घरात चालू असलेल्या सगळ्या डब्यांच्या मागच्या बाजूचे फोटो मोबाइलमध्ये काढून न्यावेत: केसांची गमी, कॅल्शियम, नसांची गोळी, वैद्यांचे चूर्ण, सगळेच. “बाकी काही घेत नाही ना?” या प्रश्नाला आपण सवयीने “नाही” म्हणतो, कारण या गोष्टी आपल्याला औषध वाटतच नाहीत. ‘प्रति सर्व्हिंग’ म्हणजे एक गोळी, दोन की चार गमी, हेही फोटोत आले पाहिजे. कॅप्सूलचे कवच जिलेटिनचे असेल तर ते प्राणिज असते. ज्यांना ते चालत नाही त्यांनी हिरवा ठिपका पाहून घ्यावा.

गमी गोड असतात आणि नातवंडांना त्या पेपरमिंटसारख्याच वाटतात. लोहाच्या मूठभर गोळ्या लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतात. अशा डब्या देवघराच्या फळीवर किंवा फ्रिजच्या दारात न ठेवता, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा जागी कुलपात ठेवाव्यात. मुलाने खाल्ल्याची शंका आली तर वाट न पाहता डबीसकट दवाखाना गाठावा.